जाम नट आणि मामा

चाळीस डॉलर गेल्याचं दुःख नाही, पण मामा सोकावले. मामा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम पोस्ट राधानगरी, सध्या सहा महिने आमच्या ओहायोच्या गॅरेजमध्ये.

माझ्याकडे स्वस्तातली एक बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे, म्हणजे दर गोळीला बोल्ट नावाची खिट्टी हातानं मागेपुढे करायची. काडतूस .३०८ चं. रविवारी कागदाला भोकं पाडतो, बस्स. तिचा धक्का खांद्याला सोसेना म्हणून ६.५ क्रीडमूर या कमी धक्क्याच्या काडतुसाची बॅरल, म्हणजे नळी, मागवली. दोन्ही काडतुसांचं बूड एकाच मापाचं, त्यामुळे बोल्ट तोच चालतो. एक मोठा नट सोडवायचा आणि नळी बदलायची. व्हिडिओतल्या दाढीवाल्याला २० मिनिटं लागली होती.

बॅरल कुरिअरनं दारात आली आणि मामांना घोर लागला. इथल्या केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणजे नंबर कोरलेला रिसीव्हर, नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो सांगाडा. नळी नुसता सुटा भाग. हे मामांना पटेना.

"पाव्हणं, कलेक्टरचा परवाना?"

"नळीला लागत नाही, मामा."

"पोलीस पाटलाला तरी सांगितलंय?"

"इथं पोलीस पाटील नसतो."

"मग इलेक्शनला बंदूक जमा कुठं करता?"

"करतच नाही."

मामा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या वडिलांची बारा बोअर निघाली. रानडुकरांपासून ऊस राखायला घेतलेली. निवडणूक लागली की धोतरात गुंडाळून ठाण्यात न्यायची, पावती घ्यायची, निकालानंतर सोडवून आणायची. "आणि डुकरांना आचारसंहिता बरोब्बर कळायची बघा. त्याच महिन्यात यायची."

इकडे मी पान्याला लोंबकळलेलो. व्हाइससकट बाक उचललं गेलं, नट ढिम्म. कारखान्यात तो आवळणाऱ्याचं त्या दिवशी घरी भांडण झालेलं असणार. गंज सोडवायचं तेल ओतलं, हीट गन फिरवली. शेवटी बाकाचा एक पाय मोडला.

मामा खुर्ची टाकून, मांडीवर शेंगांची वाटी घेऊन बसलेले. "लोंबकळू नका. हातोडीचा एक दणका द्या पान्याला."

"मामा, ही प्रिसिजनची वस्तू आहे."

"कॅनॉलच्या गेटवर काय भेंडी लावत होतो आम्ही?"

दुसऱ्या दिवशी मामांनी नेमबाज स्वप्नील कुसाळेला मध्ये आणलं. "आमच्या तालुक्यातला पोरगा. कांबळवाडीचा. २०२४ ला पॅरिसात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून, उभं राहून ब्राँझ आणलं त्यानं. लोंबकळून मारायची पोझिशन काय त्याला जमली नाही."

बायको स्वयंपाकघरात हसली. मला ऐकू आलं.

या हौसेचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे. रायफल ३५० डॉलरची. बॅरल, पाना, व्हाइस आणि नळीतली काडतुसाची जागा मापायचे गेज मिळून त्याच्या वर गेले. यात स्वस्त नेमकं काय, हे कुणी मला समजावून सांगावं. बायकोला मी अजून फक्त पान्याची किंमत सांगितली आहे.

तिसऱ्या दिवशी सगळं डिकीत घालून बंदुकांच्या कारागिराकडे गेलो. मामा सोबत. त्यानं रिसीव्हर पकडीत धरला, पाना लावला आणि हातोडीचा एक दणका दिला. खट्. चाळीस डॉलर. मामांना इंग्रजी कळत नाही, पण एवढं कळलं. घरी येईपर्यंत ते अवाक्षर बोलले नाहीत. नुसती बडीशेप चावत होते. तो आवाज ३० मैल ऐकला मी.

पुढचं तरी मान खाली न घालता होईल असं वाटलं होतं. 'गो' गेज घालून बोल्ट बंद करायचा, बॅरल त्याला टेकेपर्यंत फिरवायची, नट आवळायचा. मग त्याहून किंचित लांब 'नो-गो' गेजवर बोल्ट मिटता कामा नये. मिटला! नट आवळताना बॅरल जरा हलली होती.

"'जाऊ नको' गेला की हो," मामा म्हणाले. वाटी खाली ठेवून उठले, दोन्ही हातांनी बॅरल गच्च धरली. "आता आवळा."

या वेळी बोल्ट अर्ध्यावरच अडला.

रात्री कोल्हापूरला फोन. स्पीकरवर. "काही नाही गं, जावयाची बंदूक बिघडली होती, ती दुरुस्त करून दिली."

बिघडली नव्हती हो. चांगली चालत होती.