लवकर म्हणजे जूनमध्ये, एप्रिलमध्ये नव्हे

सर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज लेख पुन्हा उघडून पाहिला. तुमचं म्हणणं असं: "निवृत्तांनी प्राप्तिकराचं रिटर्न लवकर भरावं" असं सांगून मी म्हाताऱ्या माणसांना उगाच धास्ती लावते, तारीख दरवर्षी वाढतेच, बारा लाखांपर्यंत कर नाही, मग घाई कशाची, आणि तुमच्या मित्राने एप्रिलमध्येच रिटर्न भरलं तर त्यांना नोटीस आली.

शेवटच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे आणि चूक माझी आहे. "नवं आर्थिक वर्ष लागलं की लगेच" असं मी लिहायला नको होतं. जानेवारी ते मार्चचा टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापलेला कर, बँका ३१ मेपर्यंत कळवतात. कापलेल्या कराची प्रमाणपत्रं, म्हणजे फॉर्म १६ आणि १६ए, १५ जूनपर्यंत मिळतात. त्याआधी २६एएस (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) काढला तर शेवटच्या तिमाहीचे आकडे त्यात नसतातच. तुमच्या मित्रांचं बहुधा तेच झालं असावं. लेखातलं ते वाक्य मी बदललं आहे.

पण जूनचा मध्य उलटला की थांबू नये, हे मात्र मी सोडणार नाही. का, ते सांगते.

२०२४ सालची गोष्ट. आमच्या शेजारचे काका आदल्या ऑक्टोबरमध्ये गेले. काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. ठेवी दोघांच्या नावावर, पहिलं नाव काकांचं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी कागद लावायला बसलो. पासबुकात डिसेंबरचं आणि मार्चचं व्याज जमा होतं, त्यातून टीडीएस कापल्याची नोंदही होती. काकूंच्या २६एएसमध्ये मात्र त्यातलं काहीच नाही. बँकेतून प्रमाणपत्र आणलं, तर त्यावर काकांचा पॅन. मृत्यूचा दाखला नोव्हेंबरमध्येच बँकेत दिला होता. त्याची निळ्या शिक्क्याची पोच काकूंनी देवघरातल्या डब्यात जपून ठेवली होती, ती त्यांनी माझ्या हातात दिली. काकांच्या नावावर अजून पैसे कापले जाताहेत, हे त्यांना समजावून सांगताना मला फार जड गेलं.

बँकेने चूक मान्य केली. पण दुरुस्तीचं विवरणपत्र भरून काकूंच्या पॅनवर आकडा दिसायला महिन्याच्या वर गेला, आणि तेवढ्यासाठी काकूंना तीन खेटे घालावे लागले. २४ जुलैला नोंद दिसली, २६ तारखेला आम्ही रिटर्न भरलं. त्या वर्षी ३१ जुलैची तारीख एक दिवसही वाढली नाही. कागद २० जुलैला काढले असते तर काय झालं असतं? मुदतीनंतर रिटर्न भरता येतं, पण मग जुनी करप्रणाली निवडता येत नाही. ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर मिळणारी कलम ८०टीटीबीची ५० हजारांपर्यंतची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते, आणि काकूंचा सगळा हिशेब तिच्यावरच होता.

तारीख वाढतेच, हेही म्हणून खरं नाही. २०२५ मध्ये ती १५ सप्टेंबर झाली आणि त्याच रात्री आणखी एक दिवस मिळाला, कारण त्या वर्षी फॉर्मच बदलले होते आणि उशिरा आले होते. पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं?

बारा लाखांबद्दल. ती सूट आपोआप लागत नाही, रिटर्नमध्येच मिळते. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर कर शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं. शिवाय शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंडांच्या नफ्यावरच्या विशेष दराच्या कराला ही सूट लागू नाही. मुलांनी आईवडिलांच्या नावावर फंड घेतलेले असतात आणि ते विकल्याचं घरात कोणाच्या लक्षातही नसतं.

पंच्याहत्तरीनंतर रिटर्न भरावं लागत नाही, त्या सवलतीचाही तुम्ही उल्लेख केलात. ती आहे, पण निवृत्तिवेतन आणि व्याज दोन्ही एकाच बँकेतलं असेल आणि तिथे तसं घोषणापत्र दिलं असेल तरच. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं असलं, की ती मिळत नाही. आपल्याकडे पोस्टात पैसे नसलेला निवृत्त शिक्षक मला तरी अजून भेटलेला नाही.

आणि थकबाकी! सातव्या वेतन आयोगाचे हप्ते ज्यांना मिळाले त्यांनी कलम ८९ ची सवलत (थकबाकी ज्या त्या वर्षाची धरून कर कमी करण्याची) मागायची तर फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी भरायचा असतो. त्यासाठी कोणत्या वर्षाची किती थकबाकी ते कोषागारातून किंवा शाळेतून लिहून आणावं लागतं. तुम्ही मुख्याध्यापक होतात, तो कागद मिळायला किती दिवस लागतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तुमच्या मित्रांना सांगा, नोटिशीतला आकडा आणि फॉर्म १६ए शेजारी ठेवून बघा. मार्चच्या तिमाहीचं व्याज राहिलं असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत उत्तर द्या आणि सुधारित रिटर्न भरा. अडलं तर इथे जरूर विचारा, फक्त पॅन किंवा खाते क्रमांक प्रतिक्रियेत लिहू नका.