सीझिनकोटचा छज्जा आणि पुण्याचा गंगाराम

परवा तो फोटो फॅमिली ग्रुपवर पुन्हा फिरत आला. हिरवीगार टेकडी, तिच्यावर मधाच्या रंगाच्या दगडाचं घर, वर कांद्याच्या आकाराचा घुमट, चार कोपऱ्यांत छत्र्या, आणि खाली ओळ : 'इंग्रजांनाही पडली होती आपल्या संस्कृतीची भुरळ, अभिमान असेल तर पुढे पाठवा.' मावशीनं पाठवला, भावानं अंगठा दिला, आणि मला विचारलं, 'तू तिकडेच राहतेस ना, खरंय का हे?'

घर खरं आहे. ओळ खरी नाही. तीन ओळींत सांगता येण्यासारखं प्रकरण नाही म्हणून इथं सविस्तर लिहितेय. वेळ काढून वाचा.

घराचं नाव सीझिनकोट. इंग्लंडात, ग्लॉस्टरशरमध्ये, मॉर्टन-इन-मार्श गावाजवळ. मी दोनदा जाऊन आलेय, एकदा उन्हात आणि एकदा धो धो पावसात. पुण्यात आर्किटेक्चर शिकले आणि गेली अकरा वर्षं लेस्टरला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतेय, त्यामुळे घर बघायला गेले की आधी नजर पन्हाळी आणि सांध्यांकडे जाते.

कॉकरेल नावाच्या भावांची ही गोष्ट. थोरल्या जॉननं १७९५ मध्ये ही इस्टेट घेतली आणि तीनच वर्षांत तो वारला. पुढे ती चार्ल्सकडे आली. चार्ल्स कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला होता, तिथल्या टपालखात्याचा प्रमुख होता, आणि पॅक्स्टन नावाच्या दुसऱ्या साहेबाबरोबर त्याची पेढी होती. कंपनीचे नोकर बंगालात जो पैसा कमवायचे (कसा कमवायचे ते आपल्याला ठाऊक आहे) तो सांभाळायचा, वाढवायचा आणि सुखरूप इंग्लंडला पोचवायचा, हा अशा पेढ्यांचा धंदा. त्यातून चार्ल्स गबर झाला. तिसरा भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल हा वास्तुविशारद. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पेपिसच्या बहिणीच्या वंशातला, म्हणून ते नाव. १८०५ च्या सुमारास चार्ल्सनं भावाला सांगितलं की मला हिंदुस्थानी घर बांधून दे.

सॅम्युअलनं हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता.

त्याच्या कामाची यादी बघितली की हे घर कुठल्या गोतावळ्यातलं आहे ते लगेच कळतं. पॅक्स्टनसाठी वेल्समध्ये मिडलटन हॉल त्यानंच बांधला. सीझिनकोटपासून थोड्याच अंतरावर डेल्सफर्ड आहे, तेही त्याचंच, आणि ते बांधलं वॉरन हेस्टिंग्जसाठी. होय, शाळेच्या पुस्तकातला हेस्टिंग्ज. वडगावच्या तहानंतर, १७७९ मध्ये, कंपनीच्याच माणसांनी केलेला करार धुडकावून लढाई पुढे चालवणारा आणि १७८२ मध्ये सालबाईला मराठ्यांशी तह करावा लागलेला. पार्लमेंटात त्याच्यावर महाभियोग चालू होता त्याच वर्षांत इकडे त्याचं घर उभं राहत होतं. या टेकड्यांतून गाडी चालवताना मला दर वेळी हे आठवतं. रस्ता अतिशय सुंदर आहे, मेंढ्या चरत असतात, आणि कुंपणापलीकडे आपला इतिहास उभा असतो.

आता घराकडे.

समोरून बघितलं तर दोन मजले उंचीची महिरप दाराला कवेत घेते. खिडक्यांच्या माथ्यावर मोराच्या पिसाऱ्यासारख्या पाकळ्या. भिंतीच्या वरच्या अंगाला सगळीकडून फिरलेला खोल छज्जा, खाली ओळीनं दगडी हस्त, म्हणजे छज्जा पेलणारे आधार. घुमट तांब्याच्या पत्र्याचा, आता हिरवा पडलेला. एका बाजूनं काचेचा वळणदार हरितगृहाचा हात निघतो आणि टोकाला अष्टकोनी मंडपात जाऊन थांबतो. तोंडात बोट घालायला लावणारं आहे, हे मी मोकळेपणानं म्हणते. प्रमाणं फार जपलीत. त्या काळी इंग्लंडात बागेच्या कोपऱ्यात गंमत म्हणून 'हिंदू देऊळ' किंवा चिनी मंडप उभारायची टूम होती. सीझिनकोट तसं नाही. इथं राहतं घरच या रूपात बांधलंय आणि कारागिरांनी दगडात कुठं हयगय केलेली नाही.

पण दारातून आत पाऊल टाकलं की हिंदुस्थान संपतो. आत जिना, दिवाणखाना, छतावरची नक्षी, सगळं ग्रीक-रोमन वळणाचं, त्या काळच्या कुठल्याही श्रीमंत इंग्रजाच्या घरात शोभेल असं. अंगण नाही, चौक नाही, ओटी नाही, माजघर नाही. आपल्याकडे घर आतून बाहेर वाढतं. आधी चौक, मग त्याभोवती सोपे, आणि बाहेरची भिंत सगळ्यात शेवटी, ती तर रस्त्यावरून जाणाऱ्याला फारसं काही सांगतही नाही. इथं नेमकं उलटं. सगळा हिंदुस्थान बाहेरच्या भिंतीवर. ज्या माणसानं आयुष्यातली उमेदीची वर्षं बंगालात काढली, त्याला आतून आपलं इंग्रजी घरच हवं होतं. 'भुरळ' हा शब्द मला इथं पटत नाही तो याच कारणासाठी.

छज्ज्याबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण माझा जीव तिथं अडकलाय. आपल्याकडे छज्जा कशासाठी असतो? पुण्यात मे महिन्यात सूर्य दुपारी डोक्यावर येतो. दोन-अडीच फूट छज्जा काढला की अख्खी खिडकी सावलीत. ग्लॉस्टरशरला डिसेंबरात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर चढतो. तो छज्ज्याच्या खालून थेट खोलीत येतो, छज्जा त्याला अडवूच शकत नाही. आणि उरलेले बरेचसे दिवस आभाळ भरलेलं. तेव्हा उजेड येतो तो आभाळाच्या वरच्या भागातून, आणि तोच हा छज्जा कापतो. म्हणजे ज्याच्यासाठी जन्म झाला ते काम नाही, आणि नको ते मात्र होतं. पहिल्या भेटीत हे मनात मांडून मी जरा रागावूनच परत आले होते.

दुसऱ्या वेळी पाऊस होता. छत्री असूनही भिजलेली मी भिंतीला चिकटून उभी राहिले. छज्ज्याच्या कडेवरून पागोळ्या गळत होत्या, आणि आत भिंत कोरडी. अगदी कोरडी. हात फिरवून पाहिला. कॉट्सवोल्ड्सचा, म्हणजे याच टेकड्यांचा, हा चुनखडीचा दगड पाण्यानं झिजतो, पापुद्रे सुटतात, माझं अर्धं काम त्याच दुखण्यावर चालतं. बऱ्याच जुन्या इंग्रजी घरांना पाऊस झेलायला एवढी मोठी पावळण नसते. इथं चित्रातून उचललेल्या छज्ज्यानं दोनशे वर्षं भिंत सांभाळली. माझा राग निम्मा तिथं गेला.

चित्रातून म्हणाले, ते शब्दशः. सॅम्युअलला हिंदुस्थान दाखवला तो थॉमस डॅनियलनं. हा चित्रकार आपल्या पुतण्याला, विल्यमला, घेऊन १७८६ ते १७९३ हिंदुस्थानभर फिरला, आणि परतल्यावर दोघांनी १४४ छापील चित्रांची मोठी मालिका काढली. इंग्लंडातल्या शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढचा हिंदुस्थान बराचसा त्या चित्रांनी घडवला. सीझिनकोटच्या बागेची देवळं, पूल, कुंड यांचे आराखडे याच डॅनियलचे. इथलं काम बघायला राजपुत्र आला, जो पुढे चौथा जॉर्ज झाला, आणि नंतर ब्रायटनला जॉन नॅशनं त्याच्यासाठी घुमटाघुमटांचा महाल उभारला. तो आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असेल. त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मी त्यात वेळ घालवत नाही.

मला सांगायचंय ते डॅनियलच्या मुंबईच्या मुक्कामाबद्दल. १७९३ मध्ये तो मुंबईला आला, तिथं त्याला जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार भेटला, आणि दोघांनी मिळून आसपासची लेणी पाहिली. घारापुरी त्यात होती. हा वेल्स म्हणजे सवाई माधवराव आणि नाना फडणविसांचं चित्र काढणारा. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशवे दरबारातला कंपनीचा वकील, चार्ल्स मॅलेट त्याचा पाठीराखा. मॅलेटच्या सांगण्यावरून शनिवारवाड्यात पेशव्यांच्या आश्रयानं चित्रशाळा निघाली, वेल्सनं तिथं शिकवलं, आणि तिथला सगळ्यात हुशार विद्यार्थी होता गंगाराम तांबट.

किती जणांनी हे नाव ऐकलंय? मी आर्किटेक्चरची पाच वर्षं पुण्यात काढली. कसबा पेठेत, तांबट आळीत हातोड्यांचा ठोक ऐकत वाढले. एकाही शिक्षकानं मला गंगारामचं नाव सांगितलं नाही. त्यानं कार्ल्याची, वेरूळची लेणी काढली. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. मॅलेटनं वेरूळची माहिती इंग्रजीत छापली तेव्हा चित्रं गंगारामची होती. आज त्याची कितीतरी चित्रं अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. ऑनलाइन दिसतात, बघा. वेरूळच्या एका गुंफेचा दर्शनी भाग त्यानं काढलाय, त्यात खांब न् खांब मोजून घेतलाय. हे मापं घेणाऱ्या माणसाचं चित्र आहे, हे मला पाहताक्षणी कळलं.

वेल्स १७९५ मध्ये इकडेच वारला. त्याची रेखाटनं मॅलेटबरोबर इंग्लंडला गेली आणि डॅनियलच्या हाती पडली. त्यांतूनच डॅनियलनं १८०३ मध्ये वेरूळच्या लेण्यांची चित्रं प्रसिद्ध केली. आणि १८०५ मध्ये, म्हणजे सीझिनकोट आकाराला येत होतं त्याच सुमारास, त्यानं एक मोठं तैलचित्र पुरं केलं : १७९० मध्ये टिपूविरुद्ध झालेला तह, पेशव्यांचा दरबार, गणेश महाल, समोर मॅलेट. आधार पुण्यात केलेल्या वेल्सच्या रेखाटनांचा. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे.

थांबून विचार करा. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. आपल्या हाती तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद उरले. आतला दरबार कसा दिसायचा, छत कसं होतं, महिरपी कशा होत्या, हे विचारलं की बोट दाखवायला जे आहे त्यात हे परमुलखातलं चित्र सगळ्यात वर येतं. मला याचं फार वाईट वाटतं. इंग्रजांनी नेलं याचं जेवढं वाटतं त्याहून जास्त आपण जपून ठेवलं नाही याचं. तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही चौघींनी पुण्यातला एक वाडा मोजला होता. सुरूचे खांब, केळफुलाचे हस्त, तुळयांवरची वेलबुट्टी, सगळं बारा मोठ्या कागदांवर. पुढच्या पावसाळ्याआधी वाडा पाडला, आणि कॉलेज बदलताना आमचे कागद रद्दीत गेले. वाड्याचं नाव लिहीत नाही. माझ्याकडे एका खांबाचं एकच स्केच उरलंय, ते भिंतीवर लावलंय.

म्हणून 'अभिमान असेल तर पुढे पाठवा' वाचलं की मला चिडायला होतं. सीझिनकोट हा आपल्या गौरवाचा दाखला नाही. बंगालच्या पैशावर, न पाहिलेल्या देशाच्या चित्रांवरून, एका तरबेज माणसानं बांधलेलं ते उत्तम इंग्रजी घर आहे. आणि 'सगळी लूट' म्हणून तोंड फिरवणाऱ्यांनाही मी सांगेन, पैसा कुठला ते विसरू नका, पण बघायला जा. आपल्या लेण्यांकडे, देवळांकडे, वाड्यांकडे मापपट्टी घेऊन बघणारी माणसं त्या काळात होती, त्यातला एक पुण्याचा होता, आणि त्या चित्रांचा प्रवास या टेकडीच्या आसपास येऊन थांबतो. डॅनियलचं नाव जिथं घेतलं जातं तिथं वेल्सचं आणि गंगारामचं नावही घेतलं जावं, एवढी माझी मागणी आहे. इंग्लंडात तर हवंच. पण आधी पुण्यात, शनिवारवाड्याच्या दारात हवं. तिथं चित्रशाळा होती हे येणाऱ्या पोरांना कळलं पाहिजे.

एक शेवटची गोष्ट, ज्यासाठी मी दुसऱ्यांदा गेले होते. घराकडे जाताना वाटेत एक पूल लागतो, त्याच्या कठड्यावर नंदी बसलेत. या नंद्यांवरून डॅनियलनं चार्ल्स कॉकरेलला चांगली लांबलचक पत्रं लिहिली होती. सगळे पुलावर थांबून फोटो काढतात आणि पुढे जातात. तुम्ही खाली उतरा. ओढ्यात पाय ठेवायला दगड मांडलेत, त्यांवरून पुलाच्या पोटात जाता येतं, तिथं बसायला बाकही आहे. बसून वर बघितलं की दिसतात आखूड, जाड, भार पेलणारे खांब, पाण्याचा आवाज आणि अंधार. घारापुरीच्या लेण्यावरून घेतलेत ते. घारापुरीचा खांब खाली चौकोनी, वर पन्हळी, आणि माथ्यावर दाबलेल्या उशीसारखा गोल. इथं तो हुबेहूब नाही, बारीकसारीक बरंच सुटलंय. पण वरून डोंगर दाबतोय असं वाटायला लावणारा तो भार मात्र आलाय. वर चार माणसांचा पूल आहे, डोंगर नाही, तरी आलाय. मी तिथं पाऊस थांबेपर्यंत बसले.

डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला येतेय. एक दिवस घारापुरीचा ठरवलाय, पहिल्या लाँचनं, टेप आणि कागद घेऊन. खांबाची उंची आणि जाडी यांचं गुणोत्तर मला पुलाशी ताडून बघायचंय. कुणाला यायचं असेल तर खाली लिहा. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच.