फुटाळ्याला समुद्र नाही, हे मान्य : धरमपेठकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

धरमपेठकर भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब आहे, तिखट आहे आणि निम्मी बरोबर आहे. दोन ओळींत उत्तर दिलं असतं तर मला पळवाट मिळाली असती, म्हणून नीट लिहितो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्समध्ये, क्लॅक्टन-ऑन-सी नावाचं गाव आहे. मुलीकडे गेलो होतो तेव्हा एक दिवस तिथे काढला. समुद्राकाठच्या कड्यावर, फिरायच्या रस्त्याला लागून, लहान लहान बागा आहेत. एक युद्धस्मारकाची, एक १९२०च्या दशकातल्या थाटाची, एक भूमध्य समुद्राकडच्या झाडांची, एक वासाची आणि स्पर्शाची, एक आधुनिक. लेखाच्या शेवटी मी लिहिलं की नागपूरच्या फुटाळा तलावाकाठी अगदी असंच व्हायला हवं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "काका, लेकीकडे जाऊन आलेले सगळे असंच लिहितात. आपल्याकडे समुद्र नाही. थीम म्हणजे सिमेंटचा जिराफ आणि त्याच्यापेक्षा मोठा फ्लेक्स. लोकांना सावली पाहिजे. बंधाऱ्यावर वड-पिंपळ लावा, विषय संपला. आणि तिकडे रोज पाऊस पडतो, इकडे पाणी कोण घालणार?"

लेकीकडे जाऊन आलेल्यांबद्दल काही बोलत नाही. परत आल्यापासून घरचेही हेच म्हणतात.

पावसापासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही चुकलात आणि मला जरा बरं वाटलं. क्लॅक्टनच्या शेजारचं सेंट ओसिथ हे गाव ब्रिटनमधल्या सर्वांत कोरड्या गावांत मोजतात. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या थोडा वर. आपल्या नागपूरला १००० मिलिमीटरहून जास्त पडतो! फरक एवढाच की त्यांचा पाऊस बारा महिने चिमटीचिमटीने पडतो आणि आपला चार महिन्यांत बादलीने. त्याच जिल्ह्यात, कोल्चेस्टरजवळ, बेथ चॅटो नावाच्या बाईंनी १९९१-९२च्या सुमाराला गाड्या उभ्या करायच्या जुन्या जागेवर खडीची बाग केली. लावल्यानंतर तिला पाणी घालायचं नाही, असा त्यांचा नियमच. बाई २०१८मध्ये गेल्या, बाग आहे. तेव्हा 'पाणी कोण घालणार' हा प्रश्न तिकडेही होता. त्यांनी टँकर न मागवता झाडं बदलली.

आता थीमचं. सिमेंटच्या जिराफाबद्दल मी तुमच्या बाजूला आहे. पण क्लॅक्टनला मी जे पाहिलं ते वेगळं होतं आणि लेखात मला ते सांगता आलं नाही, फुलांच्या फोटोंतच अडकलो. भूमध्य बागेत 'भूमध्य' असं वाटायला लावणारी एकही मूर्ती माझ्या नजरेला पडली नाही. होती ती करड्या, रुपेरी पानांची झाडं. पानाचा रुपेरीपणा म्हणजे बारीक लव. ती ऊन परतवते, पानातलं पाणी धरून ठेवते आणि समुद्रावरून येणारे खारे तुषार थेट पानाला भिडू देत नाही. खारं पाणी पानावर वाळलं की पानाच्या कडा आधी तपकिरी होतात आणि मग सगळं पानच करपतं. म्हणजे वारा खारा, जमीन निचऱ्याची आणि पाऊस कमी. तिथे जगेल ते लावलं आणि मग त्याला नाव दिलं भूमध्य. आधी जागा, मग झाड, सगळ्यात शेवटी पाटी. आपल्याकडे पाटीचं उद्घाटन आधी होतं.

आणि थीमची एवढी चीड असेल तर भाऊ, तुम्ही राहता ते धरमपेठ. ट्रॅफिक पार्क कुणाचं? छोटे रस्ते, छोटे सिग्नल, पोरांनी लाल दिव्याला थांबायचं. ती थीमच आहे की. ती चालली कारण तिथे पोरांना करायला काहीतरी आहे. सेमिनरी हिल्सचं बालोद्यानही तसंच.

कुंपणाची गोष्ट मात्र मला अजून सांगायची आहे, कारण तिथून आपल्याला खरंच काही घेता येतं. समुद्राकाठी वारा अडवायला भिंत बांधली तर वारा भिंतीवरून उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करून आदळतो. झाडांचं कुंपण अर्धा वारा आत येऊ देतं, पण त्याचा जोर काढून घेतं. म्हणून तिकडे झाऊसारखी झुडपं लावतात. आपल्याकडे खारा वारा नाही, पण नवतप्यातल्या दुपारच्या झळा आहेत. घरी आपण काय करतो? खिडकीला फळी ठोकत नाही, कूलरला वाळ्याची ताटी लावतो. वारा येऊ द्यायचा, पण ओलावून, थंड करून. फुटाळ्याच्या पश्चिमेच्या अंगाला करंज, मेंदी आणि कण्हेर यांची दाट-विरळ रांग असली तर संध्याकाळी पाचला तिथे माणूस बसू शकेल. आज सातशिवाय कोण बसतो?

कण्हेरीवरून आठवलं. ही मूळची भूमध्य समुद्रापासून आपल्यापर्यंतच्या पट्ट्यातली. इंग्लंडात थंडीत तिची कुंडी उचलून आत घेतात. आपल्याकडे ती हायवेच्या दुभाजकात ट्रकचा धूर खात उभी असते, कुणी पाणीही देत नाही, तरी फुलते.

माझी फजितीही सांगून टाकतो. परत आल्यावर मी हौसेने लॅव्हेंडरची दोन रोपं आणली. मे महिन्यात हिरव्या जाळीखाली जपली, दिवसातून दोनदा बघायचो. ती उन्हाळ्यात मेली नाहीत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सलग चार दिवस झड लागली आणि खालची पानं काळी पडली. कुंडी उपडी केली तर काळी माती भिजलेल्या कणकेसारखी मुळांना चिकटलेली. मुळं बोटांनी ओढली तर वरची साल हातात आली, आतला दोरा तेवढा राहिला. वास लॅव्हेंडरचा नव्हे, नालीचा. दुसऱ्या कुंडीत निम्मा मुरूम होता, ते रोप ऑगस्टपर्यंत टिकलं. म्हणून 'अगदी असंच व्हायला हवं' हे माझं वाक्य मी मागे घेतो. त्यांची झाडं आपल्या पावसात कुजतील, आपली त्यांच्या थंडीत गोठतील.

सावलीचं तुमचं म्हणणं तर मला आधीच सुचायला हवं होतं. क्लॅक्टन ज्या पियरभोवती, म्हणजे समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्याभोवती, वाढलं ते पियर १८७१चं. लोक तिथे ऊन खायला जायचे, अजून जातात. त्यामुळे त्या बागांत बाकं उघड्यावर आहेत आणि बहुतेक झाडं कमरेएवढी. मी तिथे जूनमध्ये स्वेटर घालून बसलो होतो, मला सावलीची आठवण कुठून होणार!

पण बंधाऱ्यावर वड-पिंपळ नकोत, हो. बंधारा मातीचा असतो. मोठ्या झाडाची मुळं त्यात शिरतात आणि झाड वठलं, मुळं कुजली की त्या पोकळीतून पाणी वाट काढतं. वादळात झाड उन्मळलं तर सोबत मातीचा गड्डा घेऊन जातं. २३ सप्टेंबर २०२३ची पहाट तुम्ही विसरला नसाल. अंबाझरी तलाव ओसंडला आणि लोकांच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं. त्यानंतर तलावाच्या बंधाऱ्याशी खेळ करायची माझी तरी छाती नाही. मोठी झाडं बंधाऱ्यापासून लांब, रस्त्यापलीकडे. उतारावर गवतं, त्यात वाळा उत्तम. मुळं खोल जातात, माती धरतात आणि जाड होत नाहीत. बंधाऱ्याजवळ सावली हवीच असेल तर मांडव घाला आणि त्यावर मधुमालती सोडा. दोन पावसाळ्यांत छत तयार.

पाच बागांपैकी एकच उचलायची झाली तर मी वासाची उचलेन. तिथे एक आजी चाकाच्या खुर्चीत होत्या. वाफा टेबलाएवढ्या उंचीवर बांधलेला, त्यामुळे त्यांचा हात सरळ रोझमेरीवर गेला. दोन पानं चुरगळून त्यांनी नाकाशी धरली आणि बराच वेळ तशाच बसल्या. सोबतची मुलगी फोनमध्ये. माझ्या आईला मोतीबिंदूमुळे शेवटी दिसत नव्हतं, पण महाल भागातून गजरा आणला की त्यात मरवा आहे की दवणा हे ती बोटांनी सांगायची. मरवा, दवणा, गवती चहा, सब्जा, वाळा, मोगरा, आणि कडेला एक बकुळ. यातलं बहुतेक सगळं आपल्याकडे तगतं आणि नर्सरीत मिळतं. खर्च आहे तो फक्त वाफा अडीच फुटांवर बांधायचा.

भुट्टेवाल्यांना हटवतील ही तुमची भीती रास्त आहे. माझ्या लेखात ते नव्हतेच, ही चूक. भुट्ट्याच्या धुराशिवाय फुटाळा म्हणजे तर्रीशिवाय पोहे. त्यांची जागा नकाशात आधी आखावी, बाग नंतर.

शेवटी तुम्ही विचारलंय की तिसऱ्या फोटोतलं करडं, गोलसर झुडूप कोणतं, बायकोला आवडलंय. त्याला सँटोलिना म्हणतात. वहिनींना सांगा, कुणी ऑनलाइन विकत असेल तरी घेऊ नका. जुलैत जाईल.