शेतकरी हरला, पण कशावर?

‘पेरूच्या शेतकऱ्यानं जर्मन कंपनीवर हवामानबदलाचा दावा ठोकला आणि तोंडावर आपटला. धूर सगळेच सोडतात. कंपनीकडे परवाना होता. आणि नदीत बांधकामं केली की पूर येणारच!’ वडोदऱ्यातल्या आमच्या मराठी ग्रुपवर हा मजकूर आठवडाभर फिरतोय. कारेलीबागेतल्या आमच्या बैठकीच्या भिंतीवर ऑगस्ट २०२४ च्या पुराची तपकिरी रेघ अजून आहे, स्विचबोर्डाच्या वर. त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

शेतकरी हरला, हे खरं. २८ मे २०२५ ला जर्मनीतल्या हामच्या उच्च न्यायालयानं या शेतकऱ्याचा, साऊल लुसियानो लियुया यांचा, आरडब्ल्यूई या वीज कंपनीविरुद्धचा दावा फेटाळला. कारण, हिमनदी वितळून भरलेल्या डोंगरावरच्या तळ्याचं पाणी पुढच्या ३० वर्षांत त्यांच्या घरावर येण्याची शक्यता जेमतेम १ टक्का ठरली. ते पुराव्यावर हरले, कायद्यावर नाही. मोठ्या उत्सर्जकाला अशा धोक्यासाठी जबाबदार धरता येतं, मग घर दुसऱ्या खंडात का असेना, हे त्याच निकालात आहे. फॉरवर्डमधून नेमकं तेवढंच गाळलंय.

धूर सगळेच सोडतात, म्हणूनच लियुया यांनी पुरापासून बचावाचा सगळा खर्च मागितला नव्हता. जगाच्या उत्सर्जनात कंपनीचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आत, तर बचावाच्या खर्चातलाही तेवढाच वाटा: साधारण १७ हजार युरो. वडिलांच्या कर्जात भावंडांचे हिस्से पडतात, तसा हा हिस्सा. माझी स्कूटर आणि शतकभर कोळसा जाळणारी कंपनी एका तागडीत कशी घालता?

परवान्याचं म्हणाल, तर १९८५ च्या दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं धोकादायक उद्योगाला ‘आम्ही सगळी काळजी घेतली होती’ हा बचावच ठेवला नाही. हवामानाच्या नुकसानीपर्यंत हे तत्त्व न्यायचं का, हा वाद पुढचा. पण नियम पाळले की सुटलो, असा आपला कायदा नाही.

आमच्या विश्वामित्री नदीच्या काठावरची बांधकामं मात्र मला पूर्ण मान्य. ज्यांनी ती केली, होऊ दिली, त्यांना जाब विचारायलाच हवा. पण कारणं दोन असली की एक सुटतं, हे कुठलं? दोन गाड्या धडकल्या आणि दोन्ही ड्रायव्हर चुकले, तर आत बसलेल्याला दोघांकडूनही भरपाई मागता येते.

आमच्या पुरात कुठल्या कंपनीचा किती हात, हे आज मी सिद्ध करू शकत नाही. पण हामला घोडं पुराव्यावरच अडलं होतं. म्हणून दिवाळीचा रंग लागण्याआधी त्या रेघेला मोजायची टेप लावून फोटो काढलाय, आणि शेजाऱ्यांनाही काढायला लावलाय.