‘कापून चिकटवणं’ म्हणणाऱ्या वाचकाला

नमस्कार.

फुटबॉल मॅचच्या आदल्या रात्री फोटोवरून खेळाडूचं चित्र कॉम्प्युटरवर कसं करतो, यावर मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तिचा गोषवारा आधी देतो. नमुना म्हणून दिलेल्या चित्रात कर्णधाराचा दंडपट्टा उजव्या हातावर आहे (तो सहसा डाव्या दंडावर असतो), म्हणजे फोटो उलटा केलाय. फोटो ज्याने काढला त्याचं नाव कुठेच नाही. कोल्हापुरातल्या सगळ्या संघांची चित्रं आता एकसारखी दिसतात, तोच धूर आणि त्याच ठिणग्या. खेळ अकरा जणांचा, पण चित्रात एकालाच हिरो करून ठेवतात. आणि शेवटचं वाक्य, ते जसंच्या तसं देतो: ‘हे डिझाइन नाही, हे कापून चिकटवणं आहे, माझा आठवीतला पुतण्या मोबाईलवर पाच मिनिटांत करतो, उगाच “डिझायनर” म्हणवून घेऊ नका.’

दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. रागात लिहायचं नाही असं ठरवलं होतं. राग अजून पूर्ण गेलेला नाही, पण उत्तर द्यायलाच हवं.

आधी दंडपट्ट्याचं. तुमचं बरोबर आहे. मूळ फोटोत खेळाडू डावीकडे पळतोय आणि मला मजकूर डावीकडे हवा होता, म्हणून फोटो आडवा उलटवला. उलटवल्यावर जर्सीवरचा आकडा सुलटा केला, छातीवरचा लोगो परत डाव्या बाजूला आणला, बाहीवरचं प्रायोजकाचं नाव पुसून नव्याने टाकलं. दंडपट्टा राहून गेला. डाव्या पायाचा खेळाडू उजव्या पायाने मारताना दिसतोय हेही तुम्ही लिहिलंय, पण ते त्याच चुकीत आलं, ते वेगळं मोजू नका. चूक दाखवल्याबद्दल आभार. चांगल्या टीकेचं मी नेहमीच स्वागत करत आलोय, इथले जुने वाचक ते सांगतील.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत. डिझायनर हा शब्द अवतरणचिन्हात टाकलात. ती दोन चिन्हं मुद्दाम टाकावी लागतात, आपोआप पडत नाहीत. दंडपट्ट्याची चूक ‘अहो, एवढं दुरुस्त करा’ म्हणूनही सांगता आली असती. माझ्या पोस्टखाली चार-पाच नवी पोरं आपापली चित्रं दाखवून शंका विचारत होती. त्यांच्यासमोर तुम्ही हे लिहिलंत. त्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी आपलं चित्र काढून टाकलं. ते तुमच्यामुळेच काढलं असं मी म्हणत नाही, पण काढलं एवढं खरं.

‘कापून चिकटवणं’ म्हणता, तर त्या कापण्याबद्दलच बोलू.

मी २००८ साली बारावीनंतर एका डिजिटलच्या दुकानात लागलो. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे फ्लेक्सच्या फलकाला ‘डिजिटल’च म्हणतात. महिन्याला साडेतीन हजार रुपये मिळायचे. दिवसभर वाढदिवसाचे फलक. पंचवीस-तीस चेहरे एका फलकावर बसवायचे, आणि प्रत्येकाचा फोटो कुठल्या ना कुठल्या लग्नातला, मागे दुसऱ्याचा खांदा नाही तर मंडपाचा खांब. ते सगळे चेहरे पेन टूलने एकेक बिंदू टाकत काढायचे. बटण दाबलं की मागचं सगळं गायब, असं तेव्हा काही नव्हतं. दुकानाचा मालक मागे येऊन उभा राहायचा आणि कान नीट कापला नसेल तर पूर्ण चेहरा परत करायला लावायचा. ‘माणूस कानावरून ओळखतो’ म्हणायचा. सहा वर्षं मी हे केलं. तुमच्या पुतण्याला माझ्या शुभेच्छा आहेत, मनापासून. पण पाच मिनिटांत जे होतं ते काय होतं हे मला माहीत आहे, कारण त्याने केलेल्या चित्रांसारखी चित्रं रोज माझ्याकडे दुरुस्तीला येतात.

मोबाईलचं ॲप खेळाडू कापतं तेव्हा काय खातं, सांगू? बुटाची सुटलेली नाडी खातं. बोटांच्या मधली जागा बुजवून पंजाचा पिठाचा गोळा करून टाकतं. केसांच्या कडेला मागच्या आकाशाची पांढरी रेघ ठेवतं, आणि ते चित्र गडद पार्श्वभूमीवर ठेवलं की पोराच्या डोक्याभोवती चुना लावल्यासारखा दिसतो. गोलकीपर जाळीसमोर उभा असेल तर अर्धी जाळी त्याच्या खांद्याला चिकटून येते. हे सगळं हाताने, मास्कवर (फोटोचा कुठला भाग दिसेल ते ठरवणाऱ्या थरावर), बारीक ब्रशने परत आणावं लागतं.

कापून झालं की चिकटवणं. शाहू स्टेडियमवर दुपारच्या मॅचला ऊन एका बाजूने येतं. खेळाडूच्या एका गालावर उजेड, दुसऱ्या गालावर सावली. त्याला उचलून रात्रीच्या फ्लडलाइटखाली ठेवला आणि दिवे सावलीच्या बाजूला दाखवले, तर बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं. म्हणून एक तर दिवे हलवायचे, नाही तर वेगळ्या लेयरवर चेहऱ्याची उजेडाची बाजू थोडी दाबायची आणि दुसरी थोडी उचलायची. थोडीच, कारण जास्त झालं की चेहरा मेणाचा होतो. बुटाखाली सावली नसली की माणूस तरंगतो. मातीचा डाग जर्सीवर असला तर मी पुसत नाही. तो डाग त्याने मिळवलेला आहे.

कापून चिकटवण्याला तुम्ही शिवी समजता, म्हणून एक उदाहरण देतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, कतारच्या वर्ल्डकपच्या तोंडावर, मेस्सी आणि रोनाल्डो समोरासमोर बसून बुद्धिबळ खेळतानाचं चित्र आलं. लुई व्हिटॉन या फ्रेंच ब्रँडची जाहिरात, छायाचित्रकार ॲनी लीबोविट्झ. तुमच्याही स्टेटसला ते असेल. ते दोघं त्या वेळी एका खोलीत नव्हते. दोघांना वेगवेगळं टिपून नंतर एकत्र आणलं. जगभर कोट्यवधी लोकांनी ते डोक्यावर घेतलं ते जोडकाम होतं, आणि त्यात पटावरची मांडणीसुद्धा बुद्धिबळपटू कार्लसन आणि नाकामुरा यांच्या २०१७ मधल्या डावातली घेतली होती. एवढा विचार ज्याच्यामागे असतो त्याला डिझाइन नाही तर काय म्हणायचं? हातात कात्री आहे की कॅमेरा, यावर ते ठरत नाही. कुठे कापायचं, काय ठेवायचं, कशाशेजारी ठेवायचं, यावर ठरतं.

आणि अक्षरांचं काय? त्याबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक शब्द नाही. माझ्या पोस्टचा निम्मा भाग मराठी नावं कशी लिहायची यावर होता, तो तुम्ही वाचला नसावा. युरोपातल्या क्लबांची चित्रं बघून आपल्याकडची पोरं तसंच करायला जातात: उंच, चिंचोळी, सगळी मोठी अक्षरं, मधे भरपूर अंतर सोडून. मराठीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते आणि नाव तुटलेल्या कुंपणासारखं दिसतं. अक्षरं उभी ताणली की आडव्या रेघा जाड आणि उभ्या बारीक होतात. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांच्या अंगावर येतात, म्हणून दोन ओळींचं नाव इंग्रजीपेक्षा मोकळं सोडावं लागतं. जुन्या फोटोशॉपमध्ये योग्य सेटिंग नसेल तर ‘सिद्धेश’ची पहिली वेलांटी भलतीकडे जाऊन पडायची आणि द्ध फुटायचा. टाइपच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडला की ते सुधारायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिली दोन वर्षं मी तुटलेली अक्षरं एकेक करून कोरल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडत होतो. आज नवीन पोराला हे शोधायला दोन वर्षं लागू नयेत, म्हणून लिहितो. त्याचे मला पैसे मिळत नाहीत.

इतकं करून इंग्रजीत का नाही लिहीत, असं मला संघाचीच माणसं विचारतात. खेळाडूची आजी मोबाईल हातात घेते तेव्हा तिला नातवाचं नाव वाचता यायला हवं. त्यासाठी.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्डकप भारतात झाला आणि आपला अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. कोल्हापूरचं पोरगं वर्ल्डकपमध्ये. ६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेविरुद्ध पहिली मॅच. आदल्या रात्री मी त्याचं चित्र करायला बसलो. माझ्याकडे फोटो होता तो व्हॉट्सॲपवर फिरून फिरून पार फाटलेला. मोठा केला की चेहऱ्याचे चौकोन दिसायचे. म्हणून पूर्ण चेहरा ठिपक्यांमध्ये केला, जुन्या वर्तमानपत्रात छापून येतो तसा, म्हणजे फाटलेपण लपलं आणि वर एक जुनं वजन आलं. खाली नाव मराठीत. पहाटे तीनला झालं. भारत ती मॅच ०-३ हरला, पण ते चित्र माझ्या पेठेत किती तरी जणांच्या स्टेटसला दोन दिवस टिकलं. हे ‘पाच मिनिटांत’ झालं नव्हतं.

आणखी एक. खालच्या गटातल्या एका संघाचा गोलकीपर होता. गोलकीपरचं चित्र कुणी मागत नाही, मागतात ते स्ट्रायकरचं. मी स्वतःहून केलं. त्याच्या ग्लोव्हचं एक बोट फाटलं होतं आणि त्यावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली. मी तो हात पुढे आणला, चेहऱ्यापेक्षा मोठा, पट्टीचा सुटलेला कोपरासुद्धा ठेवला. त्याच्या वडिलांनी ते छापून घेतलं आणि आपल्या रिक्षाच्या मागच्या काचेवर लावलं. पावसाळ्यात रंग उडाला तर दुसरी प्रत मागायला आले. तुम्ही मला सांगा, त्या माणसाला जाऊन ‘हे कापून चिकटवलंय’ म्हणाल का? म्हणा, हिंमत असेल तर.

राहिलेले मुद्दे थोडक्यात.

सगळी चित्रं एकसारखी दिसतात म्हणता. सगळ्यांची नाही. माझ्या शेवटच्या वीस चित्रांत धूर दोनदाच आहे, मोजून बघा. बाकीचे काय करतात त्याचा जाब मला विचारू नका.

एकाला हिरो करतात म्हणता. २०१८ च्या जूनमध्ये अंधेरीला भारत-चिनी तैपेई (म्हणजे तैवान) मॅचला अडीच हजारांच्या आसपास माणसं होती. भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्रीने एकट्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहून लोकांना मैदानावर यायची विनंती केली आणि केनियाविरुद्धच्या पुढच्या मॅचची तिकिटं संपली. माणूस आधी एका चेहऱ्यासाठी येतो, मग अकरा जणांना बघतो. यावर मला जास्त बोलायचं नाही.

फोटोग्राफरच्या नावाचं. मैदानावर फोटो काढणारी सगळी पोरं माझ्या ओळखीची आहेत, आम्ही एकत्र चहा पितो. त्यांनी माझ्याकडे कधी तक्रार केलेली नाही. त्यांची वकिली तुम्ही का करताय ते कळलं नाही. माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो: एका स्पर्धेच्या वेळी माझं चित्र कोपऱ्यातलं माझं नाव खरवडून एका पेजने स्वतःचं म्हणून टाकलं होतं. मला वाईट वाटलं, दोन रात्री झोप लागली नाही, पण मी कुणाच्या पोस्टखाली जाऊन तमाशा केला नाही. चित्राच्या कोपऱ्यात जागाही फार नसते. २०२५ च्या जानेवारीत इन्स्टाग्रामने प्रोफाइलवरचे चौकोन उभट केले तेव्हा माझ्या जुन्या चौकोनी चित्रांच्या दोन्ही कडा तिथे कापल्या गेल्या, कडेची नावं अर्धी झाली. तिथे आणखी एक नाव कुठे बसवायचं ते तुम्हीच करून दाखवा.

तुम्ही स्वतःचं एखादं चित्र आजवर इथे टाकलेलं नाही. नावही खरं टाकलेलं नाही. मी माझ्या नावाने लिहितो, माझ्या चुका सगळ्यांना दिसतात, जशी दंडपट्ट्याची तुम्हाला दिसली. पुढची प्रतिक्रिया द्याल तर अवतरणचिन्हं बाजूला ठेवून द्या, मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचेन.

पोस्टमधलं चित्र काल रात्री बदललंय. फोटो परत सरळ केला, तो आता डावीकडेच पळतोय, दंडपट्टा डाव्या हातावर आहे आणि चेंडू डाव्या पायाला. मजकूर उजवीकडे नेला. खेळाडूचं नाव दोन ओळींत मोडावं लागलं, त्यात पहिल्या ओळीचा उकार खालच्या रफारावर येत होता, म्हणून अक्षरं थोडी लहान केली. सव्वा तास लागला.