जोडीनं उभे राहा, पुढची जात!

जातींचा आल्बम रंगवायला घेताय? उत्तम. साल साधारण 1800, गाव तंजावर. गादीवर सरफोजीराजे भोसले आहेत, पण 1799 च्या तहानं कारभार इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलाय. राजांकडे उरलाय तो किल्ला आणि भोवतालचा टापू. तेव्हा गिऱ्हाईक ओळखा. देवादिकांना सोन्याचा वर्ख लावणं जरा राहू द्या. विलायती कागद घ्या आणि साहेबाला मायदेशी न्यायला माणसं काढून द्या.

माणूस एकटा काढू नये, शेजारी बायको हवीच. खाली मातीची पट्टी, गवताचे चार झुबके, वर मोकळं निळं आभाळ. सावकार, सारा, दुष्काळ असलं काही मधे आणू नका, उगाच गर्दी होते. न्हाव्याला वस्तरा द्या, कुंभाराला मडकं, ताडी काढणाऱ्याच्या कमरेला सुरी. घाम मात्र कुणालाही येता कामा नये. खाली लिहायचं ते जातीचं नाव. माणसाचं नाव विचारत बसलात तर आल्बम पुरा कधी व्हायचा?

साहेबाला काढू नका. त्याला जात नसते, ऑर्डर असते.

हात बसला की अभ्रकाकडे वळा. तिरुचिरापल्लीत अभ्रकावरची चित्रं पुढं चांगलीच खपणार आहेत. त्यातली एक युक्ती तर अफलातून. कार्डावर नुसता चेहरा रंगवायचा. वर ठेवायला अभ्रकाचे पातळ, पारदर्शक पापुद्रे. त्यांवर फक्त पोशाख, तोंडाची जागा कोरी. एक पापुद्रा ठेवला की गडी एका धंद्याचा, तो उचलून दुसरा ठेवला की दुसऱ्याच. ज्या गोष्टीपायी गावात पाणवठे वेगळे, ती इथं रात्रीच्या जेवणानंतर मडमेच्या दोन बोटांनी बदलते! जरा जपून हाताळायला सांगा, अभ्रक चटकन तडकतं.

फोटोवाल्यांपासूनही सावध राहा. 1868 पासून ते हेच काम ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाच्या फोटोंच्या आठ खंडांत उरकणार आहेत, तेही रंगाचा खर्च न करता.

आणि तुम्ही रंगवणारे नसून आजचे घेणारे असाल, तर शिपायाचं जोडपं दिवाणखान्यात लावा, ताडीवाल्याचं फार्महाऊसच्या बारवर. झाडूवाला दिसायला कितीही सुबक असला तरी देवघराच्या भिंतीवर नको, आई काहीतरी बोलतील. पाहुणे आले की ‘आम्ही जातबीत काही मानत नाही’ हे चहाच्या आधीच सांगून टाका. चित्रं नंतर दाखवा.