बुडायचंच तर मंडळासकट बुडा

पीककर्ज हवंय? मग आधी जन्माला नीट या. सातबाऱ्यावर एकट्याचं नाव असलेला पुरुष, ही बँकेची आवडती जात. तुम्ही बाई असाल आणि पेरणीपासून राशीपर्यंत सगळं तुम्हीच करत असाल, तर चांगलंच आहे, करत राहा. बँकेला खुरपं दिसत नाही, उतारा दिसतो. आजोबांच्या मागे फेरफार, म्हणजे वारसांची नावं उताऱ्यावर चढवणं, राहूनच गेला असेल, तर चारही चुलत्यांच्या सह्या आणा. त्यातले तिघे बोलतात तरी, चौथ्याचं बांधावरून भांडण आहे. त्याच्याकडे जाताना पेढे न्या.

दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून ठरवलंय. हा नियम पाठ करा, पण साहेबांसमोर म्हणून दाखवू नका. पुढच्या वर्षीही त्याच टेबलाशी उभं राहायचंय.

कर्ज मिळालं की मार्चमध्ये 'नवं-जुनं' शिका, म्हणजे जुनं फेडून लगेच नवं उचलणं. मुदतीत फेडलं तर केंद्राच्या सवलतीने व्याज चार टक्क्यांवर येतं. तूर घरात पडलीय, भाव नाही, फेडायचं कशातून, असले प्रश्न कच्चे लोक विचारतात. तुम्ही आडत्याकडे, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाकडे जा, महिना शेकडा तीनने लाख रुपये उचला, ३० तारखेला बँकेत भरा. आठ दिवसांत नवं कर्ज मिळतं. आमच्या वडिलांचे आठ दिवस एकदा दीड महिन्याचे झाले, कारण मधेच साहेबांची बदली झाली. बँकेचं वर्षाचं व्याज चार हजार, आडत्याचं दीड महिन्याचं साडेचार हजार. पण खातं 'नियमित' राहिलं. वडील ती पावती अजून ट्रंकेत जपून ठेवतात.

आणि हो, आडत्याला नावं ठेवू नका. रात्री दोन वाजता पोराला दवाखान्यात न्यायचं असलं की तो सिबिल स्कोअर विचारत नाही. तुमचं सोयाबीन कोणाच्या काट्यावर येणार हे त्याला ठाऊक असतं, तेच त्याचं तारण. भाव तोच सांगतो, ही गोष्ट निराळी.

आता विमा. २०२३ च्या खरिपात आपल्याकडे तो एका रुपयात मिळायचा. २०२५ पासून रुपया गेला आणि खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के आले. पूर्वी शेतात पाणी शिरलं की ७२ तासांत कळवायची पळापळ असायची. रेंजसाठी टाकीवर चढायचं, फोटो अपलोड करायचा. राज्याने तोही त्रास वाचवला. २०२५ च्या खरिपापासून भरपाई पीक कापणी प्रयोगावर आली. महसूल मंडळातली, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटातली, काही शेतं निवडतात, दोरी टाकून चौकोन आखतात, तेवढंच कापून तोलतात. त्यावरून निघालेली सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या, म्हणजे मागच्या वर्षांवरून ठरवलेल्या किमान उत्पन्नाच्या, खाली गेली, तर सगळ्या मंडळाला पैसे. वर राहिली, तर कुणालाच नाही.

म्हणून एकट्याने बुडू नका. ओढ्याकाठचं तुमचं दोन एकर सोयाबीन वाहून गेलं असेल, तर रडत बसण्याआधी गाडी काढा आणि मंडळभर फिरून या. माळावरच्यांच्या शेंगा भरलेल्या दिसल्या, तर तुमचा पूर हा तुमचा घरगुती मामला. परत येताना आडत्याच्या दुकानावरूनच या, तो उघडा असतो.